पबमेड आणि सिनाहलमध्ये नर्सिंगचं संशोधन कसं शोधावं

‘अ स्टडी टू असेस द इफेक्टिव्हनेस ऑफ स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम ऑन नॉलेज रिगार्डिंग प्रिव्हेन्शन ऑफ बेडसोर अमंग स्टाफ नर्सेस इन सिलेक्टेड हॉस्पिटल्स ऑफ कोल्हापूर.’

एम.एस्सी. नर्सिंगचा विषय साधारण असाच असतो. सिनॉप्सिसची तारीख जवळ आली की हे शीर्षक जसंच्या तसं पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या ऑनलाइन सूचीच्या सर्च-पेटीत पेस्ट केलं जातं. खाली शून्य किंवा दोन-चार भलतेच पेपर दिसतात आणि रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये ‘या विषयावर फारसं संशोधन झालेलं नाही’ असं वाक्य जाऊन बसतं. बेडसोरवर तर इतकं संशोधन झालं आहे की एका माणसाला ते वाचून संपणार नाही. पबमेड पेटीतल्या जवळपास प्रत्येक शब्दामध्ये ‘अँड’ धरतं, म्हणजे ते सगळे शब्द एकाच रेकॉर्डमध्ये, म्हणजे एकाच पेपरच्या नोंदीत, असायला हवेत. शीर्षकातला प्रत्येक जादा शब्द त्यामुळे निकाल कमी करत जातो.

एक सूचना आधीच देतो. इथे सगळे शब्द देवनागरीत लिहिले आहेत, पण पेटीत ते इंग्रजी स्पेलिंगनेच टाकायचे.

आधी शीर्षक मोडा

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी कागद घ्या. वरच्या शीर्षकातून ‘अ स्टडी टू असेस’, ‘इफेक्टिव्हनेस’, ‘रिगार्डिंग’, ‘सिलेक्टेड’ हे शब्द खोडून टाका. ते परीक्षकासाठी आहेत, सर्चला त्यांचा काही उपयोग नाही. ‘कोल्हापूर’ही तूर्त बाजूला ठेवा, त्याचं काम शेवटी आहे. मग तीन कल्पना उरतात: बेडसोर, नर्सेस आणि शिकवणं. ‘नॉलेज’ ही चौथी कल्पना आहे, पण ती पहिल्या फेरीत घेऊ नका. शिकवण्याचा परिणाम मोजणाऱ्या पेपरात ज्ञान बहुधा मोजलेलं असतंच, फक्त सारांशात तो शब्द असेल याची खात्री नसते.

आता प्रत्येक कल्पनेखाली समानार्थी शब्द लिहा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, कारण पुढची मेहनत याच यादीवर उभी राहते. आपल्या वॉर्डात ‘बेडसोर’ म्हणतात. जुन्या पेपरांत ‘डेक्युबिटस अल्सर’ आणि ‘प्रेशर सोर’ सापडतं, त्यानंतर बराच काळ ‘प्रेशर अल्सर’ चाललं. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल प्रेशर अल्सर ॲडव्हायझरी पॅनेलने ‘प्रेशर इंज्युरी’ हा शब्द स्वीकारला आणि तेव्हापासून नवे पेपर मोठ्या संख्येने त्याच नावाने येतात. नुसतं ‘बेडसोर’ किंवा नुसतं ‘प्रेशर अल्सर’ शोधणाऱ्याचं गेल्या काही वर्षांचं बरंच संशोधन निसटतं. शिवाय एकवचन आणि अनेकवचन दोन्ही हवं, आणि ‘बेड सोर’ तोडून लिहिलेलंही हवं.

‘स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम’ हा शब्दप्रयोग मुख्यतः आपल्याकडच्या नर्सिंग कॉलेजांतला. बाहेर त्याच गोष्टीला ‘एज्युकेशनल इंटरव्हेन्शन’, ‘एज्युकेशन प्रोग्राम’, ‘ट्रेनिंग’, ‘इन-सर्व्हिस’ असं काहीही म्हणतात. इथे अमेरिकन ‘प्रोग्राम’ आणि ब्रिटिश ‘प्रोग्राम’ यांचं स्पेलिंगही वेगळं. ॲनिमिया, पीडियाट्रिक, हिमोग्लोबिन, ऑर्थोपेडिक यांचंही तसंच. दोन्ही स्पेलिंग लिहून ठेवा.

पबमेडमध्ये

पबमेड अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं आहे आणि फुकट आहे. कॉलेजच्या वायफायची किंवा पासवर्डची गरज नाही. त्यात दोन तऱ्हेचे शब्द चालतात. एक लेखकाचे स्वतःचे शब्द, दुसरे लायब्ररीने प्रत्येक पेपरला चिकटवलेली ठरावीक विषय-शीर्षकं, म्हणजे मेश. लेखकाने बेडसोर म्हटलं काय किंवा डेक्युबिटस म्हटलं काय, मेशचं शीर्षक एकच लागतं.

मुखपृष्ठावरून मेश डेटाबेस उघडा आणि तिथे ‘बेडसोर’ टाका. तो तुम्हाला अधिकृत शीर्षकाकडे नेईल. त्या पानावर ‘एंट्री टर्म्स’ अशी यादी असते, ती कागदावरच्या यादीशी ताडून पाहा, राहिलेले शब्द तिथे मिळतात. शिकवण्यासाठी ‘इनसर्व्हिस ट्रेनिंग’ आणि ‘एज्युकेशन, नर्सिंग, कंटिन्यूइंग’ ही शीर्षकं आहेत. ज्ञान-वृत्ती-आचरण या प्रकारच्या अभ्यासांसाठी ‘हेल्थ नॉलेज, ॲटिट्यूड्स, प्रॅक्टिस’ आहे. नर्सेसचं मेश घेतलं की त्याखालच्या मिडवाइफ, नर्स प्रॅक्टिशनर वगैरे शाखा आपोआप सामील होतात.

फक्त मेशवर मात्र थांबू नका. भारतातली बरीच जर्नल्स पबमेडमध्ये येतात ती पबमेड सेंट्रल या पूर्ण मजकुराच्या साठ्यामार्फत. मेडलाइन या मूळ सूचीत ती नसतात. मेश लागतं ते मेडलाइनच्या रेकॉर्डना. त्यामुळे नुसत्या मेशने शोधलं की सगळ्यात आधी गळतात ते आपल्याच देशातले पेपर, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतो: ‘इंडियन स्टडीज कुठे आहेत?’

म्हणून प्रत्येक कल्पनेसाठी मेश आणि साधे शब्द दोन्ही घ्या आणि मध्ये ‘ऑर’ टाका. साध्या शब्दांपुढे चौकटी कंसात टी-आय-ए-बी ही चार अक्षरं लावा. त्यामुळे शब्द फक्त शीर्षक, सारांश आणि लेखकाने दिलेले कीवर्ड यांत शोधला जातो. मेशसाठी चौकटी कंसात एम-एच. या खुणांना टॅग म्हणतात.

अर्धवट शब्दापुढे तारा (*) लावला की त्याची सगळी रूपं येतात. ताऱ्याआधी किमान चार अक्षरं हवीत. पण शब्द कुठे तोडायचा ते पाहून तोडा. रुग्णाची कूस बदलण्यावर शोधताना ‘टर्न*’ लिहिलं तर ‘टर्नओव्हर’ येतं, म्हणजे नर्सेस नोकरी का सोडतात यावरचा ढीग. ‘रिपोझिशन*’ सुरक्षित. ‘नर्स*’साठी रोमन पहिली चार अक्षरं घेतली तर नर्सरी, नर्सिंग होम आणि अंगावर पाजणाऱ्या आयाही येतात. तिथे ‘नर्स’, ‘नर्सेस’, ‘स्टाफ नर्स’ असं सुटं लिहिणं बरं.

पबमेड तुमच्या शब्दांचा स्वतःहून अर्थ लावतं, हेही माहीत असू द्या. टॅग न लावता नुसतं ‘नर्सिंग’ टाका, मग ॲडव्हान्स्ड पानावर हिस्टरीमध्ये त्या ओळीचे ‘डिटेल्स’ उघडा. त्यात ‘ब्रेस्ट फीडिंग’ घुसलेलं दिसेल. प्रत्येक सर्चनंतर डिटेल्स पाहायची सवय लावून घ्या, निम्म्या भानगडी तिथेच उलगडतात. अवतरणचिन्ह, तारा किंवा टॅग लावला की हे आपोआप अर्थ लावणं बंद होतं, म्हणूनच मेश आपण हाताने जोडतो.

अवतरणातल्या वाक्प्रचाराचंही एक आहे. तो पबमेडच्या ठरावीक सूचीत नसेल तर ‘कोटेड फ्रेझ नॉट फाउंड’ असा संदेश येतो आणि शब्द सुटे शोधले जातात. निकाल एकदम फुगले तर हा संदेश आलाय का ते पाहा. त्यावर उपाय आहे: वाक्प्रचार अवतरणात, मग चौकटी कंसात टी-आय-ए-बी, पुढे अपूर्णविराम, ~ हे चिन्ह आणि आकडा. आकडा ३ दिला तर ते शब्द कुठल्याही क्रमाने, मध्ये जास्तीत जास्त तीन शब्दांच्या अंतराने असले तरी सापडतात. यात तारा मात्र चालत नाही.

आता जोडणी. एकच लांबलचक ओळ लिहू नका. बेडसोरचे सगळे शब्द ‘ऑर’ने जोडून एक सर्च करा, नर्सेसचा दुसरा, शिकवण्याचा तिसरा. हिस्टरीमध्ये त्यांना #१, #२, #३ असे क्रमांक मिळतात. शेवटी #१ अँड #२ अँड #३, क्रमांक अर्थात इंग्रजी आकड्यांत. ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ मोठ्या लिपीतच टाइप करा. एकाच ओळीत लिहायचंच असेल तर कंस विसरू नका, कारण पबमेड डावीकडून उजवीकडे जातं. ‘बेडसोर ऑर प्रेशर अल्सर अँड नर्स ऑर स्टाफ नर्स’ असं बिनकंसाचं लिहिलं, तर शेवटच्या ‘ऑर’मुळे जगभरातले स्टाफ नर्सवरचे सगळे पेपर यादीत येतात, मग त्यात बेडसोर असो वा नसो.

‘नॉट’ जमेल तितका टाळा. ‘नॉट चिल्ड्रन’ म्हटलं की मोठ्या माणसांबरोबर मुलांचाही उल्लेख असलेला पेपर जातो.

निकाल कमी की जास्त?

डिझर्टेशनसाठी शंभर ते तीनशे शीर्षकं चाळता येतील इतका निकाल हाताळण्याजोगा. हजारांत गेला तर आधी तिसरी कल्पना नीट बांधली आहे का ते बघा. वीस-पंचवीसच आले तर एक कल्पना काढून टाका, बहुतेक वेळा नर्सेसची.

सर्च बरोबर चाललाय की नाही याची एक खरी चाचणी आहे, आणि ती फार थोडे लोक करतात. गाइडने दिलेले किंवा आधीच सापडलेले तीन-चार चांगले पेपर घ्या. ते तुमच्या यादीत आले आहेत का ते तपासा. एखादा नसेल तर त्याचं रेकॉर्ड उघडा, लेखकाने कोणते शब्द वापरलेत आणि कोणतं मेश लागलंय ते पाहा, ते आपल्या ओळीत घाला आणि पुन्हा चालवा. दोन-तीन फेऱ्यांत सर्च बराच सुधारतो. त्याच रेकॉर्डखाली ‘सिमिलर आर्टिकल्स’ आणि ‘साइटेड बाय’ असतं, तेही उघडून बघा.

डावीकडचे फिल्टर हात शिवशिवत असले तरी लगेच लावू नका. ‘ह्यूमन्स’, वयोगट आणि लिंग हे फिल्टर मेशवर चालतात, म्हणजे ज्यांना मेश नाही ते पेपर थेट बाहेर. वर सांगितलेलं भारतीय पेपरांचं नुकसान इथे दुसऱ्यांदा होतं. ‘फ्री फुल टेक्स्ट’ तर शोधताना लावूच नका. पेपर महत्त्वाचा आहे की नाही हे तो फुकट मिळतो यावर ठरत नाही, आणि फुकट नसलेला पेपर मिळवायचे मार्ग आहेत. वर्षांचा फिल्टर चालेल, पण ‘गेली पाच वर्षं’ का, याचं कारण सिनॉप्सिसमध्ये लिहिता आलं पाहिजे. आणि एक छोटी गोष्ट: सुरुवातीला निकाल ‘बेस्ट मॅच’ क्रमाने येतात. सगळं चाळायचं असेल तर ‘मोस्ट रिसेंट’ करा आणि एका पानावर दोनशे निकाल दिसतील असं ठेवा.

सिनाहल

सिनाहल हा खास नर्सिंग आणि संबंधित आरोग्यशाखांचा डेटाबेस. तो एब्स्को कंपनीकडून येतो आणि पैसे भरलेल्या संस्थेतच उघडतो. तुमच्या कॉलेजने घेतलाय का, हे लायब्ररीत विचारा. घेतला असेल तर कॅम्पसमधल्या कॉम्प्युटरवर तो बहुधा थेट उघडतो. घरून हवा असेल तर लॉगिन मागून घ्या.

पबमेडची ओळ इथे तशीच चिकटवू नका. टॅग वेगळे आहेत, ते शब्दाच्या आधी लागतात: शीर्षकासाठी टी-आय, सारांशासाठी ए-बी, विषय-शीर्षकासाठी एम-एच. शीर्षकंही मेशची नाहीत, सिनाहलची स्वतःची आहेत, ती नव्याने शोधावी लागतात. शीर्षकाखालच्या शाखा हव्या असतील तर ‘एक्सप्लोड’ची खूण करावी लागते. एन-५ लिहिलं की दोन शब्द पाच शब्दांच्या आत कुठल्याही क्रमाने असलेले पेपर मिळतात. ‘प्रेशर एन-३ (अल्सर* ऑर इंज्युर* ऑर सोर*)’ या एका ओळीत बेडसोरची ‘प्रेशर’वाली सगळी नावं येतात; ‘बेडसोर’ आणि ‘डेक्युबिटस’ वेगळे जोडा.

‘ऑल्सो सर्च विदिन द फुल टेक्स्ट’ ही खूण काढून ठेवा, नाहीतर संदर्भसूचीत एकदा बेडसोर आलेला पेपरही यादीत येतो. ‘एक्स्क्लूड मेडलाइन रेकॉर्ड्स’ लावलं की पबमेडमध्ये पाहिलेलं पुन्हा चाळावं लागत नाही. ‘एनी ऑथर इज नर्स’ असाही एक फिल्टर आहे, गंमत म्हणून बरा, पण मुख्य सर्चला लावू नका.

सिनाहल नसेल तर जगबुडी होत नाही. पबमेड नीट वापरा, जोडीला गूगल स्कॉलर घ्या. स्कॉलरमध्ये तारा चालत नाही, २५६ अक्षरांपेक्षा लांब ओळ घेत नाही आणि निकाल कितीही लाख दाखवले तरी पहिले १०००च उघडतात. त्यामुळे तिथे छोट्या ओळी करून चार-पाच वेळा शोधा, आणि नोंदीत ‘पहिले दोनशे पाहिले’ असं स्पष्ट लिहा.

कोल्हापूर, मराठी आणि आशाताई

आता बाजूला ठेवलेलं ‘कोल्हापूर’ बाहेर काढा. टी-आय-ए-बी लावून टाकलं तर शीर्षकात किंवा सारांशात कोल्हापूर असलेले पेपर मिळतात. चौकटी कंसात ए-डी लावलं तर कोल्हापूरचा पत्ता असलेले लेखक मिळतात, मग अभ्यास कुठलाही असो. दोन्ही वेगळे आहेत, दोन्ही करा. पबमेडमध्ये सर्व लेखकांचे पत्ते २०१४ पासून येऊ लागले, त्याआधी पहिल्याच लेखकाचा पत्ता असायचा, म्हणून जुने पेपर पत्त्यावरून कमी सापडतात. टॅग न लावता पुढे तारा लावू नका, कोल्हापुरे आडनावाचे लेखकही येतील. सोबत सांगली, मिरज, कराड, सातारा टाका. बेळगाव टाकाल तर जुनं आणि २०१४ नंतरचं बेळगावी, दोन्ही स्पेलिंग टाका.

पबमेड सेंट्रलमध्ये वेगळा सर्च करा. तिथे पूर्ण मजकुरात शोध होतो. कित्येक पेपरांत ‘कोल्हापूर’ फक्त मेथड्समध्ये एका ओळीत असतं आणि सारांशात ‘वेस्टर्न महाराष्ट्र’ एवढंच.

प्रश्नावली मराठीत हवी असेल तर स्वतः भाषांतर करण्याआधी ‘मराठी’ हा शब्द टी-आय-ए-बीने शोधा आणि त्याला ‘व्हॅलिड* ऑर ट्रान्सलेट* ऑर रिलायबिलिटी’ अँडने जोडा. एखाद्या स्केलची तपासलेली मराठी आवृत्ती आधीच झालेली असू शकते, आणि मग व्हॅलिडिटीचं अर्धं काम वाचतं.

कम्युनिटी हेल्थ नर्सिंगवाल्यांना आद्याक्षरं त्रास देतात. ‘आशा’ टाकलं की आशा नावाच्या लेखिका आणि अमेरिकेतली वाचा-श्रवण तज्ज्ञांची संघटना हजर, कारण तिचं लघुरूपही तेच. ‘अक्रेडिटेड सोशल हेल्थ ॲक्टिव्हिस्ट’ अवतरणात लिहा, जोडीला ‘आशा वर्कर’ आणि ‘कम्युनिटी हेल्थ वर्कर’. पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र तसा यकृताचा कॅन्सरही होतो, म्हणून तेही पूर्ण लिहा.

ऊसतोड कामगारांवर विषय घेणाऱ्यांनी ‘शुगरकेन’ जोडून आणि तोडून दोन्ही लिहावं. मेशमध्ये ऊस ‘सॅकरम’ या वनस्पतीच्या नावाखाली आहे; ते घेतलंत तर चोथ्याचं रसायनशास्त्र समोर येईल. कामगारांपुरतं मर्यादित केल्यावर निकारागुआ आणि एल साल्व्हाडोरमधल्या ऊसतोड कामगारांच्या किडनीच्या आजारावरचे पेपर पुष्कळ मिळतील. ते टाकून देऊ नका. उन्हातलं काम, कमी पाणी आणि किडनी यांवरचा बराचसा अभ्यास तिथेच झाला आहे. ‘ट्रान्झियंट्स अँड मायग्रंट्स’ आणि ‘ॲग्रिकल्चरल वर्कर्स डिसीझेस’ ही मेश शीर्षकं इथे कामाला येतात.

पूर्ण पेपर

पबमेडच्या रेकॉर्डवर उजवीकडे ‘फुल टेक्स्ट लिंक्स’ असतात. पबमेड सेंट्रलची खूण असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे एक्स्टेन्शन टाका, कायदेशीर फुकट प्रत कुठे असेल तर बाजूला हिरवं कुलूप दिसतं. कॉक्रेन या संस्थेचे रिव्ह्यू (संशोधनाचे आढावे) प्रकाशनानंतर बारा महिन्यांनी खुले होतात. सरकारी संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं आहे. त्यात तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नल्स आहेत. सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात ओळख असेल तर याबद्दल विचारा. खासगी नर्सिंग कॉलेज पहिल्या टप्प्यात नाही, तेव्हा प्राचार्यांचं पत्र सोबत न्या. काहीच नाही जमलं तर पत्त्याच्या ओळीत लेखकाचा ईमेल असतो. दोन ओळींचं पत्र लिहा, बरेच जण पीडीएफ पाठवतात.

एआयकडून संदर्भ घेतला असेल तर त्याचं शीर्षक अवतरणात टाकून पबमेडमध्ये शोधा. नाही सापडला तर डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, उघडून बघा. तिथेही नसेल तर तो पेपर बहुधा अस्तित्वातच नाही.

नोंद

पबमेडची हिस्टरी आठ तास काही हालचाल नसेल तर पुसली जाते, क्लिपबोर्डही तसाच, आणि त्यात ५०० रेकॉर्डच मावतात. म्हणून पबमेडसाठीचं माय एनसीबीआय हे खातं काढा आणि सर्च तिथे सेव्ह करा. निवडलेले पेपर ‘सेंड टू’मधून सायटेशन मॅनेजरला, म्हणजे संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, पाठवा. झोटेरो फुकट आहे, दुहेरी नोंदी दाखवतो आणि व्हँकुव्हर पद्धतीने संदर्भसूची बनवतो. ओळी वर्डमध्ये न ठेवता नोटपॅडमध्ये ठेवा, वर्ड अवतरणचिन्हं वाकडी करतं आणि काही डेटाबेस ती ओळखत नाहीत.

वहीत प्रत्येक सर्चसाठी पाच गोष्टी: तारीख, डेटाबेस, पूर्ण ओळ जशीच्या तशी, लावलेले फिल्टर, आलेला आकडा. सेव्ह केलेल्या सर्चवर महिन्याला एक ईमेल अलर्ट लावून ठेवा. डिझर्टेशन बाइंडिंगला देण्याच्या दोन आठवडे आधी तीच ओळ पुन्हा चालवा, नवीन आलेले पेपर बघा आणि तारीख व आकडा नव्याने लिहा.